रिकामा परतलेला डबा

त्या दिवशी सकाळी माझ्यात काय होते, ते आधी नीट सांगतो. खालच्या पुडात दुधात मळलेल्या गुळाच्या सहा दशम्या. मधल्या पुडात लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर चमचाभर तेल. वरच्या पुडात कैरीच्या लोणच्याच्या चार फोडी. कडी घट्ट लावलेली.

मित्रांनो, मी तीन पुडांचा, स्टीलचा, जुना डबा आहे. देवळाली प्रवराच्या चांगुणाबाईंनी मला राहुरीच्या बाजारात गोरक्षनाथांच्या भांड्यांच्या दुकानातून घेतले आणि लगेच माझ्या झाकणावर स्वतःचे नाव घालून घेतले. मशीनची सुई करकरत फिरली, तेव्हा मला वाटले, आता आपण कुणाचे तरी झालो.

त्यांचा मुलगा ओम नगरला हॉस्टेलवर राहून शिकत होता. मी रोज सकाळच्या एस.टी.ने त्याच्याकडे जायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचो. चांगुणाबाईंच्या घरी डबा रिकामा परत पाठवत नसत. ओमही ते पाळायचा. कधी पेरू, कधी कागदात गुंडाळलेली शेव, काहीच नसले तर मेसमधली चिमूटभर साखर. चांगुणाबाई ती साखर आधी जिभेवर ठेवायच्या आणि मगच मला घासायला घ्यायच्या.

ओम शिकला, नोकरीसाठी प्रागला गेला, आणि मी फडताळाच्या वरच्या फळीवर गेलो. तिथे मी बरीच वर्षे काढली. यंदा ओमने आईवडिलांना बोलावले, तेव्हा चांगुणाबाईंनी साड्यांच्या मधोमध मला ठेवले. विमानात मी थंडगार पडलो होतो, पण आनंदात होतो.

प्रागमधल्या त्या सकाळी पाऊस होता. तरीही शहर बघायचे आणि दुपारी एका जुन्या हॉटेलात जेवायचे ठरले होते.

"तिथलं मला काय चालायचं न्हाई," दशम्या भाजत चांगुणाबाई म्हणाल्या. "मी आपली हेच खाईन. तू बी खाशील ना माझ्यासंगं?"

"तुझ्याआधी खाईन," ओम म्हणाला. "किती वर्षं झाली तुझ्या डब्यातलं खाऊन."

मी हे ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवला.

दगडी पुलावर वारा छत्र्या उलट्या करत होता. चौकातल्या जुन्या घड्याळाखाली, तास वाजताना त्यातले पुतळे फिरतात ते बघायला, शेकडो माणसे भिजत उभी होती. ओमचे वडील, राधाकृष्णराव, वर बघत म्हणाले, "आपल्या स्टँडावरचं घड्याळ बंद हाय म्हणून बरंय. न्हाईतर तिथं बी अशीच गर्दी झाली असती."

"चला, पुढं चला," चांगुणाबाई हसल्या. "तुमच्यामुळं माझी साडी भिजली." त्यांच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्या हातात मी. ओमने मला त्यांच्याकडून घेतले.

हॉटेलच्या दारात ओमची बायको सृष्टी त्याच्या कानाशी म्हणाली, "आई टेबलावर डबा उघडतील. इथे बाहेरचं चालत नाही. तू सांग त्यांना."

"सांगतो," ओम म्हणाला. पण त्याने सांगितले नाही. "तुम्ही बसा, मी आलोच," एवढेच म्हणून तो मला घेऊन शेजारच्या गल्लीत गेला. तिथे एक मोठा कचऱ्याचा डबा होता. त्याने माझी कडी काढली आणि मला पालथे केले. मग आत येऊन बेसिनखाली मला स्वच्छ धुतले, कागदाने पुसले आणि कडी लावली.

"आता खायचं का रे आपण?" चांगुणाबाईंनी विचारले.

"आई, भूक आवरली नाही. उभ्या उभ्या मीच खाऊन टाकलं."

"समदं?"

"सगळं."

चांगुणाबाईंचा चेहरा फुलला. "बघितलं का," त्या राधाकृष्णरावांना म्हणाल्या, "अजून तसाच हाय." मग त्यांनी उकडलेले बटाटे आणि पाव मागवून आनंदाने खाल्ले. मी त्यांच्या मांडीवर होतो. मला बोलता येत नाही, याचे एवढे दुःख पूर्वी कधी झाले नव्हते.

परतताना ट्रामच्या थांब्याकडे जायचा रस्ता त्याच गल्लीतून होता. कचऱ्याच्या डब्याच्या कडेवर एक दशमी पावसात फुगून पडली होती आणि दोन कबुतरे ती ओढत होती. चांगुणाबाई थांबल्या. मग त्यांनी छत्री त्या बाजूला कलती केली आणि चालू लागल्या.

निघायच्या दिवशी त्या ओमला एवढेच म्हणाल्या, "डब्यात काय तरी घाल बाबा. रिकामा देऊ नये."

"अजून तेच का, आई? घालतो," तो म्हणाला. नंतर विमानतळाच्या घाईत ते राहून गेले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्यातले तुम्हाला नको असेल तर तोंडावर नको म्हणा. डबा भरणाऱ्या माणसाला ते सोसते. खाल्ले म्हणून खोटे मात्र सांगू नका.

गेल्या आठवड्यात चांगुणाबाईंनी मला पिशवीत घालून गोरक्षनाथांच्या दुकानात नेले.

"मामी, मोडीत कशाला देताय?" ते म्हणाले. "चांगला हाय की. नाव बी हाय तुमचं."

"असू द्या. आता डबा न्यायला घरात कोन हाय?"

गोरक्षनाथांनी कडी काढून तिन्ही पुडे तपासली. आत काही नव्हते. त्यांनी मला काट्यावर ठेवले. आकडे हलले आणि थांबले.

आठशे दहा ग्रॅम.