पाचवा बाजार

धीरजचा पगार चौपट झाला ही बातमी त्याच्या आईनं गल्लीत सांगितली. अनुसयाबाईंचं तसं काही चुकलं नव्हतं. आजवर त्याला दर बाजाराच्या दिवशी दोन हजार मिळायचे, आता एकदम आठ मिळणार होते. दोनाचे आठ. अनुसयाबाईंना हिशोब येत नव्हता असं कोणी म्हणू नये. त्यांना महिना येत नव्हता.

तो घरात कोणालाच येत नव्हता. समुद्रपूरच्या त्या गल्लीत महिना वीजबिलापुरता आणि बायकांच्या उपासापुरता असे. बाकी सगळं आठवडी बाजारावर चाले. तेल बाजारी यायचं, पीठ बाजारी दळलं जायचं, अनुसयाबाईंच्या बीपीच्या गोळ्या सातच कापून मिळायच्या. धीरज लग्नाच्या आधीपासून पुंडलिकरावांच्या साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडत होता. बाजाराच्या दिवशी दुपारी पुंडलिकराव गल्ल्यातून नोटा काढून त्याच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "जा, घरी देऊन ये. बायको थैली घेऊन बसली असंल." बायको खरंच थैली घेऊन बसलेली असायची.

यंदा मार्चअखेरीस पुंडलिकरावांचा मुलगा पीयूष पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला. येताना त्यानं पदवी आणली आणि पाणी पिण्याची स्टीलची बाटली. दुकानातल्या चारही माणसांना समोर बसवून, एका कागदावर सह्या घेता घेता तो म्हणाला, "एक एप्रिलपासून पगार महिन्याचा. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला, थेट खात्यात. यामुळे तुम्हा सगळ्यांना आर्थिक शिस्त लागेल."

"म्हणजे एप्रिलचा पगार कधी भेटंल?" धीरजनं विचारलं.

"दहा मेला, काका."

"अन् तोवर?"

"तोवर एप्रिल चालू असेल ना."

पुंडलिकराव गल्ल्याशी बसून पंख्याकडे पाहत होते. वीज गेलेली होती, त्यामुळे पंख्यातही पाहण्यासारखं काही नव्हतं.

धीरजनं हे घरी सांगितलं तेव्हा आईला चौपट ऐकू आलं आणि बायकोला दहा मे. रीताच्या डोक्यात भिशी होती.

भिशी कुंताबाईंच्या ओसरीवर भरायची, दर बाजाराला, दुपारी. गल्लीतल्या बायका तीनतीनशे टाकायच्या आणि जिचा नंबर असेल ती सगळी रक्कम पदरात बांधून न्यायची. सुरुवातीला चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा रीताचा नंबर फार मागे आला होता. आता तो जवळ आला होता, जूनच्या मध्यावर. त्या पैशात ती शिंपी रामाजीची जुनी पिको मशीन घेणार होती. रामाजी पोराकडे नागपूरला राहायला चालला होता आणि मशीन जूनपर्यंत तिच्यासाठी ठेवतो म्हणाला होता. धीरजच्या दुकानात विकलेली प्रत्येक साडी पिको-फॉलला बाहेर जायची. ती घरी येईल, इतका साधा बेत. हा बेत गल्लीत सगळ्यांना पाठ होता, कारण वर्षभर रीतानं दुसरा विषय काढला नव्हता. "माही मशीन" असं ती म्हणायची, जशी बाकीच्या बायका "माही पोरगी" म्हणतात.

भिशीचा एक नियम होता. एखादीचा हप्ता एकदा चुकला तर दुसरी कोणी तिच्यासाठी भरेल. दुसऱ्यांदा चुकला तर भरणारीचा नंबर तिला आणि तिचा नंबर भरणारीला. नियम निर्दय वाटतो, पण ज्या दिवशी जिचा नंबर, त्या दिवशी तिच्या हातात पूर्ण रक्कम पडली पाहिजे, म्हणून केलेला होता. रीतानंच सुचवलेला होता.

एप्रिल आला. पहिल्या बाजाराला धीरज दुपारी सवयीनं घरी आला, रिकाम्या हातानं, आणि दोघं थोडा वेळ थैलीकडे पाहत बसले. मग तो दुकानात परत गेला.

भैय्याजींचं किराणा दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. त्यांच्याकडे उधारी बाजारभर चालायची, बाजाराला चुकती व्हायची.

"भैय्याजी, आता आमचं म्हैन्यानं होईल," धीरज म्हणाला. "दहा तारखेले सगळं एकदम देतो."

"म्हैनावाल्याले मी उधार देत नाई," भैय्याजी म्हणाले.

"काऊन?"

"एक मास्तर होते. म्हैन्यानं द्यायचे. बदली झाली, गेले."

"माही कुठं बदली होते भैय्याजी? गादीवरून गोदामात?"

"होऊ शकते."

भैय्याजींनी एक बाजार तेल दिलं, दुसऱ्या बाजारी डाळ दिली, तिसऱ्या बाजारी नमस्कार केला.

रीतानं सगळं आखडलं, भिशी तेवढी आखडली नाही; तिचे पैसे ती डब्यात साठवलेल्यातून काढत होती. चहातलं दूध गेलं, मग चहा गेला. अनुसयाबाई म्हणाल्या, बीपी उन्हाळ्यात आपोआप कमी होते, गोळी एक दिवसाआड पुरे. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अशा सूचना गरजेच्या वेळी आतूनच येतात. बारावीची परीक्षा दिलेली मुलगी आचल हिंगणघाटला क्लास लावणार होती, ती म्हणाली, घरीच अभ्यास छान होते. घरात एकाएकी सगळ्यांना सगळं घरीच छान होऊ लागलं.

तरी मेच्या पहिल्या बाजारी तीनशे निघाले नाहीत. शेजारची नलू उठली आणि रीताचा हप्ता भरून म्हणाली, "वयनी, चेहरा असा काऊन करून राह्यली? दहा तारखेले देजो." नलू मनानं चांगली होती. तिचा स्वतःचा नंबर सगळ्यात शेवटचा होता, आणि त्याबद्दलही तिनं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

दहा मेला बाजारच होता. सकाळी धीरजच्या मोबाइलवर टिंग झालं. आठ हजार जमा. त्यानं तो मेसेज आईला दाखवला, आईनं देवाला दाखवला. धीरज एटीएमच्या रांगेत उभा राहिला आणि सगळे काढून आणले, कारण बँकेतले पैसे हे आपले पैसे असतात असं त्या घरात अजून कोणाला वाटत नव्हतं.

मग वाटणी. नलूचे तीनशे, भैय्याजींचं तेल आणि डाळ, हे आधी बाजूला गेलं. उरलेल्यांचं काय करायचं यावर घरात प्रथमच बैठक झाली.

"म्हैन्यात किती बाजार असते?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"चार," धीरज म्हणाला. "पीयूषबाबूनं बी चारच धरले ना. दोन चोक आठ."

रीतानं चार डबे घेतले आणि पैसे चार जागी ठेवले. प्रत्येक डब्यात भिशीचे तीनशे वेगळे दुमडून. झाकणं लावली आणि तिला फार दिवसांनी झोप आली, तीही दुपारी.

त्या महिन्यात त्यांनी काहीही उधळलं नाही, हे सांगणं भाग आहे, कारण पुढं गल्लीत उलटंच बोललं गेलं. साडी नाही, सिनेमा नाही, पाहुणा नाही. पाहुणे आले असते, पण पगार चौपट झाल्याचं ऐकून ज्या नणंदेनं फोन केला होता तिला धीरज म्हणाला, सध्या ऊन आहे. चार बाजार चार डब्यांवर काढले. चौथा डबा रीतानं पुसून पालथा घातला तेव्हा ती मनात म्हणाली असणार, जमलं.

मग आठवडा गेला आणि पुन्हा बाजार आला. सात जून.

सकाळी ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली आणि बोट ठेवून मोजू लागली. दहा मे, सतरा, चोवीस, एकतीस, सात. पुन्हा मोजलं. बोट दर वेळी पाचवर थांबत होतं. तिनं मग मागची पानं उलटली, पुढची उलटली, आणि पाच-पाच बाजारांचे महिने मोजले.

"ऐका," ती म्हणाली. धीरज शर्टाची बटणं लावत होता. "वर्षात चार म्हैने असे आहेत, ज्यात पाच बाजार येते."

"मग?"

"मग त्या पाचव्याचे पैसे कोण खाऊन राह्यलं?"

धीरजनं कॅलेंडर पाहिलं. त्याला आधी वाटलं कॅलेंडरात चूक आहे. यंदा अधिक मास होता, त्यात काही घोळ असू शकतो.

"पूर्वी दर बाजारी दोन हजार भेटत होते," रीता म्हणाली. "पाचव्या बाजारी बी भेटत होते. आता नाई भेटत. तुमचा पगार वाढला नाई, कमी झाला."

बाजूला बसलेल्या अनुसयाबाई म्हणाल्या, "चौपट झाला नं वं?"

तीन दिवसांवर पगार होता. प्रश्न तीनशे रुपयांचा होता आणि त्या दुपारचा. रीता म्हणाली, "मालकाले उचल मागा. तीनशेच मागा. अन् हे पाचव्या बाजाराचं बी सांगा. त्याईच्या ध्यानात नसंल आलं."

धीरज दुकानात गेला. पुंडलिकराव नव्हते, किंवा मागं गोदामात होते. पीयूष गल्ल्याशी लॅपटॉप उघडून बसला होता. धीरजनं कॅलेंडरचं सांगितलं, बोटांवर मोजून.

पीयूषनं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, महिन्यात चार आठवडे असतात."

"अन् वरचे दोन-तीन दिवस?"

"ते दिवस आहेत. आठवडा नाही ना."

"ते साचून वर्षात चार बाजार जास्तीचे होते, बाबू."

"बरोबर आहे," पीयूष म्हणाला, आणि क्षणभर धीरजला वाटलं काम झालं. "पण तुम्ही तेव्हा सही केली ना. आता एकट्यासाठी बदललं तर चौघांसाठी बदलावं लागेल. मार्चमध्ये पाहू."

"मग तीनशे उचल?"

"उचल आपण बंद केली. मी आत्ता खिशातून देऊ शकतो, पण मग त्यात शिस्त काय राहिली, तुम्हीच सांगा."

त्याला खरोखर उत्तर हवं होतं. वाईट मुलगा नव्हता तो. लहानपणी धीरजच्या खांद्यावर बसून पोळ्याचे बैल पाहायला गेला होता. धीरज म्हणाला, "नाई, बरोबर आहे," आणि गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवू लागला. त्या दिवशी त्यानं बऱ्याच साड्या विकल्या. सगळ्या पिको-फॉलसाठी बाजूला ठेवल्या.

दुपारी रीता ओसरीवर रिकाम्या हातानं गेली. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं सरळ सांगितलं. "दहा तारखेले देते. तीन दिवस."

"म्हैन्याचा पगार असून?" एक म्हणाली.

"चौपट," दुसरीनं आठवण करून दिली.

"यंदा पाच बाजार आले," रीता म्हणाली.

"बाजार तं आमाले बी पाचच आले बापा," कुंताबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "माह्या मनात काही नाई, रीता. पण भिशी बाजाराची आहे, बँकेची नाई. आज जिचा नंबर आहे तिच्या पोराची अॅडमिशन उद्या आहे. तिले मी दहा तारीख सांगू?"

"नका सांगू," रीता म्हणाली.

तिनं आजूबाजूला पाहिलं. बायका आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होत्या. तीनशे रुपये त्यातल्या पाचसहा जणींकडे होते. पण पगारदाराच्या बायकोला उसने द्यायचे म्हणजे तिचा अपमान, असं त्यांनी मनात ठरवलं असावं. आणि असं ठरवलं की पैसेही वाचतात.

नलू हळूच म्हणाली, "मी भरू का मग?"

"भर," रीता म्हणाली.

"तुहा नंबर मले येईल वयनी."

"ठाऊक आहे मले. नियम माहाच आहे."

पुढच्या बाजारी नलूनं रीताच्या नंबरावर रक्कम उचलली. धीरजचा पगार तोपर्यंत येऊन गेला होता. या खेपेला बाजार चारच होते, तरी घरात पाच डबे मांडलेले होते, प्रत्येकात पहिल्यापेक्षा थोडं कमी. त्याच आठवड्यात रामाजी शिंपी निघाला. रीता त्याच्याकडे गेली आणि दिवाळीनंतर घेते, तोवर ठेवाल का, असं विचारलं. तो म्हणाला, "पोरी, नागपूरले खोली एकच हाय. त्यात मी मावतो का तेच पाह्यचं हाय." मशीन त्यानं नलूला विकली. नलूला वर्षभर मशीनबद्दल इतकं ऐकायला मिळालं होतं की पैसे हातात आल्यावर दुसरं काही घ्यायचं तिला सुचलंच नाही.

मशीन हातगाडीवरून रीताच्या दारासमोरून गेली. तिनं दार लावलं नाही. लावलं असतं तर गल्लीला कळलं असतं.

दोन दिवसांनी नलू आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"वयनी, मले तं चालवता येत नाई ते. साडीचा काठ पुरा गोळा होऊन राह्यला. तू येजो ना. अर्धेअर्धे करू."

रीता गेली. दुपारची वेळ होती, पत्र्याखाली तापलं होतं. मशीनशेजारी साड्यांचा गठ्ठा पडला होता, वरच्या साडीला धीरजच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली. रीता बसली. चाक हातानं फिरवून पाहिलं, थोडं तेल टाकलं, दोरा ओवला.

"दुकानातून किती देते एका साडीले?" तिनं विचारलं.

"चाळीस. पण बाजाराच्या बाजारी देत नाई म्हणते आता. पीयूषबाबू म्हणे, पिकोवाल्याईचे बी म्हैन्यानंच, खात्यात." नलू खाली बसली आणि पदरानं मान पुसू लागली. "माह्या घरी आज तेल नाई, वयनी. सगळे पैसे मशीनीत गेले. हे म्हैन्याचं कसं भागवता वं तुमी लोक?"

रीतानं साडीचा काठ सुईखाली सरळ केला.

"इकडं बस," ती म्हणाली. "पायडल हळू दाबजो. पाह्य, कापड ओढायचं नाई, नुसतं सोडत जायचं."