खांदेमळणी झालेली मोटार

मित्रांनो, पाटोद्यात बाजारतळाच्या कडेला, कडुनिंबाखाली जी बिनचाकांची मोटार दिसते आणि जिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालतात, ती मी. आज माझ्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण निजामाच्या राज्यात माझा आवाज कानावर आला की लोक हातातली कामे टाकून रस्त्यावर येत. कुत्री तर शिवेपर्यंत माझ्यामागे धावत आणि दमून परत जात.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. जहाजातून मी मुंबईस आले, आगगाडीतून जालन्यास आले, आणि पुढे रूळच नव्हते म्हणून स्वतःच्या चाकांवर बीडला आले. माझा पहिला मालक एक जहागीरदार होता. त्याने मला शिकारीला नेले आणि हौस फिटल्यावर तबेल्यात घोड्यांशेजारी उभी केली. तिथून मला पाटोद्याच्या कल्याणरावांनी आणले. त्यांचे भुसाराचे दुकान चांगले चालत होते, पण त्यांच्या डोक्यात एकच वेड होते. पाटोदा ते बीड उतारूंची मोटार चालवायची!

सुरुवातीला माझे फार हाल झाले. ज्याच्या हाती पाना तो माझा वैद्य. कोणी माझा स्क्रू जास्त आवळला, कोणी मुळी बसवलाच नाही. मग एके दिवशी बीडला गहिनीनाथ भेटला. सरकी काढण्याच्या कारखान्यात तो इंजिने सांभाळी. माणूस तोंडाने फटकळ, आणि स्वतःची तारीफ करायला दुसऱ्याची वाट न पाहणारा. ‘‘हिच्या पोटात काय हाय ते माझ्या पोटापरीस मला जास्त ठावं हाय,’’ असे तो भर पेठेत सांगे. माझा ड्रायव्हर विठ्ठलराव याने मला जोरात दामटले की गहिनीनाथ त्याला झाडायचा, ‘‘कावून पळवतो बे एवढं? जीव हाय का न्हाई तिला?’’ मित्रांनो, जीव आहे हे त्या एकट्यालाच कळले होते. दुरुस्तीला पाटोद्यास आला की तो कल्याणरावांच्या घरीच जेवे आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईशी, बसम्माशी, चुलीजवळ बसून गप्पा मारी. त्यामुळे माझी तशीच त्या घराचीही नस त्याला माहीत होती.

एका वर्षी सरकारने ठरवले की पाटोद्याचे टपाल मोटारीने न्यायचे आणि त्या रस्त्याचा परवाना एकाच मोटारीला द्यायचा. परीक्षेचा दिवस बीडच्या सरकारी कचेरीतल्या नायबसाहेबांनी मुद्दाम पोळ्याचा धरला. त्या दिवशी कोणी बैल जुंपत नाही, सारे छकडे सुटलेले असतात. अशा दिवशी जी बीडहून टपाल घेऊन पाटोद्याकडचा घाट चढेल तीच कामाची, असा त्यांचा हिशेब. कल्याणरावांनीही मन घट्ट करून सांगून टाकले, ‘‘चढली तर ठीक. न्हाई चढली, तर सुंदररावाच्या पिठाच्या गिरणीला हिचं इंजिन देऊन मोकळा होतो.’’ मुलूखभर हिंडलेल्या जिवाने भिंतीशी खिळून जन्मभर ज्वारी दळायची? त्यापेक्षा घाटातून कोसळलेले बरे!

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी आणि हळद लावून ते मळायचे, असा रिवाज. बसम्माने बैलांचे खांदे मळले आणि लोण्याची वाटी घेऊन ती माझ्याजवळ आली. विठ्ठलराव तेव्हा माझी सफाई अर्धी टाकून जेवायला गेला होता. पायाखालची फळी उघडी होती आणि क्लच लाकडाने दाबून ठेवलेला होता. मित्रांनो, इंजिनाचे बळ चाकांकडे देणाऱ्या त्या क्लचवर तेव्हा चामड्याचा पट्टा असे. चामडे कोरडे असले तरच ते घट्ट धरते. ‘‘सारा भार या चामड्यावर असतो, आई,’’ असे विठ्ठलरावानेच तिला कधीतरी ऐटीत सांगितले होते. मग भार वाहतो तोच खांदा, नाही का?

‘‘लई वझं वाहिलंस गं माय,’’ असे म्हणत तिने फटीतून बोटे घातली आणि त्या चामड्याला पोटभर लोणी-हळद चोळली. मला कळत होते की हे काही बरे होत नाही. पण एवढ्या वर्षांत मला कोणी अशा मायेने हात लावला नव्हता. मला भरून आले.

सकाळी विठ्ठलरावाने न पाहताच फळी बसवली आणि आम्ही बीडला निघालो. घाट उतरताना काही कळले नाही. पण बीडजवळ बिंदुसरा नदीचा काठ चढायचा आला आणि माझी फजिती झाली. इंजिन गर्जना करीत होते आणि चाके जागची हलत नव्हती! उतारूंनी ढकलत ढकलत मला कचेरीपुढे नेले. सुंदरराव तिथे हजरच होते. माझ्याभोवती फिरून ते म्हणाले, ‘‘कल्याणराव, आता कावून जीव जाळता? इथंच सोडा हिला.’’ विठ्ठलरावाने तर हातच टेकले. चामडे जळाले असणार, नवे मुंबईहून येईपर्यंत काही खरे नाही, असे तो म्हणाला. कल्याणराव मात्र एवढेच बोलले, ‘‘गहिनीनाथनं सांगितलं तर सोडीन. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून न्हाई.’’

गहिनीनाथ नदीवर होता. सणाचा दिवस, त्याचीही बैलजोडी होती. निरोप मिळताच तो एका बैलाचे एकच शिंग रंगवून, तांबड्या हातांनीच धावत आला. त्याने कोणाला काही विचारले नाही. फळी उचलली, एक बोट आत फिरवले आणि नाकाशी नेले. मग गालातल्या गालात हसून तो कल्याणरावांच्या कानाशी लागला, ‘‘काल सांजच्याला तुमच्या घरी बैलांचं खांदं कोणी मळलं?’’

‘‘आईनं. दरसालाला तीच मळती.’’

‘‘मंग बराबर हाय.’’

कल्याणरावांच्या सारे ध्यानात आले आणि त्यांचा चेहरा पडला. गहिनीनाथने त्यांचा हात दाबला. नायबसाहेब पुढे येऊन म्हणाले, ‘‘क्या हुआ मियाँ? चढेगी के नहीं?’’

‘‘चढेगी साहब. चमडा फिसल रहा है, बस!’’ घरातली गोष्ट त्याने चारचौघांत काढली नाही.

त्याने रॉकेलच्या फडक्याने चामडे पुसपुसून काढले. अत्तारवाल्याकडून मुलतानी मातीची पुडी आणवली आणि तिची भुकटी चामड्यावर सगळीकडे मारली, म्हणजे उरलेला तुपकटपणा तिने शोषून घ्यावा. उरलेली पुडी त्याने खिशात टाकली. टपालाची पोती चढली, नायबसाहेब बसले, आणि गहिनीनाथ बाजूच्या पायफळीवर उभा राहिला. विठ्ठलराव म्हणाला, ‘‘भाऊ, तुमची बैलं खोळंबली असतील.’’

‘‘बैलं थांबतील. हिला घाटात एकटी सोडू व्हय?’’

घाट सुरू झाला. पहिली वळणे मी झपझप घेतली. मग चढ उभा झाला, क्लच तापला, चामड्यात मुरलेले लोणी पुन्हा वर आले आणि तुपाचा करपट वास सुटला. चाके मंदावली. मागे खोल दरी होती, आणि मला ओढायला त्या दिवशी मुलखात एकही बैल मिळाला नसता. गहिनीनाथने खाली उडी मारून चाकामागे धोंडा लावला, फळी उचलली आणि खिशातली पुडी काढून सगळी माती आत फेकली. मग पायफळीवर परत चढून, माझ्या टपावर थाप मारून तो ओरडला, ‘‘चल गं माय, आता बसलं बघ! चढ!’’

आणि बसले, मित्रांनो! चामड्याने घट्ट पकडले. इंजिनाचे सारे बळ चाकांत उतरले, मी एक हिसका दिला आणि निघाले. धोंडे उडत होते, कातळावर माझा आवाज घुमत होता, आणि नायबसाहेब टोपी सांभाळत ‘‘शाबाश! शाबाश!’’ म्हणत होते. शेवटचे वळण घेऊन मी घाटमाथ्यावर आले तेव्हा विठ्ठलराव चक्क रडत होता.

पाटोद्याच्या वेशीत झुली घातलेले बैल तोरणाखाली उभे होते. मानाचा बैल गेला, बाकीचे बैल गेले, आणि पाटलांनी हात वर केला, ‘‘हिलाबी तोरणाखालून येऊ द्या!’’ हलग्या कडाडल्या. टपालाची पोती गावात उतरली आणि नायबसाहेबांनी परवाना आमचाच असल्याचे तिथेच सर्वांसमोर सांगितले.

गर्दीतून वाट काढीत बसम्मा आरतीचे ताट घेऊन आली. तिने गहिनीनाथला विचारले, ‘‘काय रे, मळल्यालं लागू पडलं का हिला?’’

सारे त्याच्याकडे पाहू लागले. कल्याणरावांनी मान खाली घातली. गहिनीनाथ मोठ्याने म्हणाला, ‘‘म्हंजे काय माय! त्याबिगर एवढा घाट चढली असती व्हय?’’ आणि मग वाकून हळूच, ‘‘पुढच्या साली मला बोलवा. दोघं मिळून मळू.’’

मित्रांनो, पुढे मी कितीतरी वर्षे ते टपाल वाहिले. आता लोखंड गंजले आहे आणि मला कोणी विचारत नाही, त्याचे वाईट वाटते. पण तुम्हाला एक विनवणी करते. घरात यंत्र आणाल तेव्हा ते ज्याच्या हाती द्याल तो माणूस आधी शोधा. तुमच्या यंत्राचा दोष ज्याला वासावरून कळतो, आणि तुमच्या आईची चूक जो चारचौघांत सांगत नाही, असा माणूस गावात मिळाला तर त्याला घट्ट धरून ठेवा.