टाकीतली माती

कोकिळानं चाळणी परातीवर आपटली, तसा काळ्या मातीचा धुरळा उडून थेट ऋतिकच्या पांढऱ्या शर्टावर बसला.

“आई, हे स्वयंपाकघर हाये का वावर?”

“तुह्या बापाचं वावरच हाये ते,” असं म्हणून ती पुन्हा चाळायला लागली.

माती आंजीची, गावाकडच्या त्यांच्या शेतातली होती. सकाळीच पुतण्या अंकुश मोटारसायकलवर पोतं बांधून घेऊन आला होता. विहिरीजवळच्या तुकड्यातलीच आणजो, दुसरीकडची आणशील तर घरात घेणार नाही, असं काकूनं फोनवर दोनदा बजावलं होतं. तिथून ही माती पिपरीच्या या दुसऱ्या मजल्यावर आली, आणि आता ती जाणार होती माशांच्या टाकीत. हसण्यासारखंच आहे म्हणा. पण त्या घरात गेल्या वर्षभरात कोणी धड हसलंही नव्हतं.

कोकिळाच्या नवऱ्याचं, नत्थूजींचं विसरणं सुरू झालं ते शेजाऱ्यांच्या नावांपासून. मग रस्ते गेले, जेवलो की नाही ते गेलं, पोराचं नाव गेलं. आणि एका सकाळी चहाचा कप हातात घेताना त्यांनी कोकिळाला विचारलं, “बाई, तुम्ही कोणाकडल्या?” उभा जन्म जिच्या हातचं खाल्लं, तिला! ती तेव्हा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली आणि बाहेर येऊन भाजी चिरायला बसली. आता ते दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत. काहीतरी हलतं-फिरतं समोर ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ऋतिकनं टाकी आणली. लाल मासे, पिवळे मासे, तळाला रंगीत गोटे. नत्थूजींनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पण दुकानदारानं सोबत दिलेलं एक हिरवं रोपटं पाण्यात डुलत होतं. एका दुपारी नत्थूजींनी काचेवर हात टेकवला आणि तण उपटावं तशी बोटांची चिमूट केली. कोकिळानं ते पाहिलं. झालं! त्या दिवसापासून तिला त्या टाकीत रोपंच रोपं हवी झाली. ती आणायची, गोट्यांत खोचायची, आणि दुसऱ्या दिवशी रोपं वर तरंगत असायची. पानं पिवळी, मुळं उघडी.

“काकू, गोट्यात मुळाले खायले काय भेटन?” स्टेशनजवळचा माशांचा दुकानदार धनंजय म्हणाला. “खाली माती पाह्यजे.”

“माती त आमच्याकडं ढीगभर हाये.”

त्यानं कपाळाला हात लावला. “वावरातली काळी नोका टाकू, बाप्पा! पाण्यात विरघळते ते. महिनाभर मासे दिसनार नाई तुमाले. नदीची धुतलेली रेती टाका, नाई त ही पाकिटातली घ्या.”

पाकिटात भाजलेल्या मातीचे काळे दाणे होते, मोहरीएवढे. कोकिळानं पाकीट घेतलं, आणि घरी येऊन अंकुशला फोन लावला.

कारण टाकी हे ती माती घरात आणायचं निमित्त होतं. तिला नत्थूजींना आंजीला न्यायचं होतं. तिथलं घर कुलूप लावून पडलं होतं. आपल्या अंगणात, आपल्या वावराच्या वाऱ्यात बसले की हा माणूस परत येईल, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. ऋतिक ऐकत नव्हता.

“आई, बाबाले आता पिपरी काय अन् आंजी काय, सारखंच हाये. तिथं रात्री-बेरात्री डॉक्टर कुठून आणशील? तू एकटी.”

“माणसं विसरले ते. माती नाई विसरत.”

यात खोटं काही नव्हतं. घराच्या जोत्यासाठी एकदा ट्रॅक्टरभर माती आली, तेव्हा नत्थूजींनी चिमूटभर उचलून चोळली, वास घेतला आणि ओरडले, “हे माह्या वावरातली नाई! कोणाचा धुरा खोदून आणला रे?” आणि खरंच, माणसांनी शेजारच्या शेताचा बांध खोदला होता. भरला ट्रॅक्टर परत गेला. सगळी आंजी महिनाभर हसत होती.

ऋतिकलाही ती गोष्ट आठवत होती. तो शर्ट झटकत म्हणाला, “ठीक हाये. दोन्ही माती समोर ठेव. बाबानं आपली ओळखली, त येत्या रविवारी मी सोताच सोडतो तुमाले आंजीले. नाई ओळखली, त हा विषय बंद. पुन्हा काढायचा नाई.”

“मंजूर,” कोकिळा म्हणाली. तिला तर हे हातातच आलेलं वाटत होतं.

तिनं स्टीलच्या दोन ताटल्या घेतल्या. एकीत आंजीची माती, दुसरीत पाकिटातली. दोन्हींवर पाणी शिंपडून तिनं मळलं, तर पाकिटातले दाणेही फुटून तसाच काळा गारा झाला. ऋतिक म्हणाला, “मले त दोन्ही सारख्याच दिसून राह्यल्या.” कोकिळानं मात्र खूण ठेवली होती. आंजीच्या मातीला तिनं काठाशी चेपलेली ताटली घेतली होती.

ती नत्थूजींच्या पायाशी बसली आणि चेपलेली ताटली पुढे केली. ते बघत राहिले. तिनंच त्यांची बोटं धरून मातीत घातली.

“पाहा ना हो. कुठली हाये?”

नत्थूजींनी बोटं उचलली, किळस आल्यासारखं तोंड केलं आणि तिच्या पदराला पुसली.

“नीट पाहा न!” तिचा आवाज चिरकला. ऋतिक मागून म्हणाला, “आई, जबरदस्ती नोको करू.”

तिनं दुसरी ताटली उचलली, ती नुसती ठरलं होतं म्हणून. नत्थूजी वाकले. आपणहून चिमूट घेतली. अंगठ्याखाली चोळली, नाकाशी नेली, डोळे मिटले. कितीतरी महिन्यांत त्यांचा असा खणखणीत आवाज घरानं ऐकला नव्हता.

“आपली हाये.”

ऋतिक धावतच पुढे आला आणि बापाच्या गुडघ्यांना मिठी मारून बसला. “बाबा! आपली हाये ना? विहिरीजवळची?”

“आपलीच. ओल चांगली हाये. पेरून घ्या.”

“आई, हरलो मी!” पोरगं रडत होतं आणि हसतही होतं. “रविवारी जाऊ. अंकुशले सांगतो घर झाडून ठेवाले.”

कोकिळा ताटलीच्या काठावरून अंगठा फिरवत होती. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. काठ कुठंच चेपलेला नव्हता.

गप्प बसली असती तर रविवारी आंजीला पोचली असती. अंगणात खाट टाकली असती, आणि तिथंही त्यांनी विचारलं असतं, बाई, तुम्ही कोणाकडल्या?

“राहू दे ऋतिक. नाई जात आपन.”

“काऊन? ओळखली न त्याईनं!”

“ऊन सोसनार नाई याईले.”

“इतके दिवस तूच त मांगं लागली होती!”

“म्हनलं न, राहू दे. विषय बंद.”

ऋतिकनं बापाचे हात धुवायला पाणी आणलं.

संध्याकाळी कोकिळानं मासे बादलीत काढून टाकीतले गोटे उपसले. तळाला पाकिटातले उरलेले दाणे पसरले, एकेक रोप बोटानं दाबून बसवलं, वर हळूहळू पाणी सोडलं. पाणी नितळ राहिलं. रोपं जागची हलली नाहीत. नत्थूजी खुर्ची पुढे ओढून बघत होते.

“बाई, झाली का पेरनी?”

“झाली.”

“वावर चांगलं हाये तुमचं,” ते म्हणाले.

कोकिळानं हात पुसले, चेपलेल्या ताटलीतली माती पोत्यात पालथी केली, पोत्याचं तोंड बांधलं आणि अंकुशला फोन लावला.

“उद्या येऊन हे पोतं घेऊन जाजो.”

“काऊन काकू? माती चुकली का?”

“नाई रे. तू बरोबर तेच आनली,” ती म्हणाली. “जिथून काढली तिथंच टाकजो. खड्डा नोको ठेवू.”