पहिल्या पावलांची फाइल

"लाल दिवा विझल्याशिवाय बॅटरी काढू नका हं ताई, व्हिडिओ जातो," धाकट्या जावेनं, कोमलनं बजावलं होतं. "कळतं मला," म्हणत मानसीनं ते उडवून लावलं. कामशेतला पॅराग्लायडिंगचे व्हिडिओ काढणाऱ्या कोमलचाच तो कॅमेरा.

त्या दिवशी मानसीच्या अथांगनं पहिली पावलं टाकली ती आईकडं नाही, काकूकडं. मानसीनं शूटिंग चालू असतानाच बॅटरी ओढून काढली. फाइल उघडेना, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं.

पण कोमल हट्टाला पेटली. त्याच कॅमेऱ्यातली एक चांगली फाइल दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला नमुना म्हणून देऊन तिनं बिघडलेली जुळवली आणि उघडल्याबरोबर सगळ्या घराला हाक मारली. पडद्यावर ती अथांगचे खांदे वळवत होती, "आईकडं जा रे राजा." मग कॅमेऱ्यामागून मानसीचं पुटपुटणं ऐकू आलं, "लळा लावतेय. स्वतःचं नाही ना एखादं."

कोमल घोरावाडीला भावाकडं निघून गेली. मानसीचा फोन ती उचलत नाही. अथांग दाराशी जाऊन अजून काकूलाच हाका मारतो आणि मानसीचा अजून जळफळाट होतो. तरी तुम्ही कुणी घोरावाडीला उतरलात, तर कोमल नीट जेवतेखाते ना, एवढं बघून या. मानसीनं पाठवलंय म्हणू नका.