काकूंचं मत

"माझी काही हरकत नाही," धारवाले म्हणाले. "पण हिची आहे."

चर्चमधली कुजबुज थांबली. उपासना संपून बराच वेळ झाला होता, तरी कोणी घरी गेलं नव्हतं. पोरं आयांच्या मांडीवर पेंगुळली होती, म्हातारे पाय मोकळे करायला म्हणून उठून भिंतीला टेकले होते. पुढच्या खुर्चीत पाहुण्या नर्सबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या बाजूला, मान खाली घालून, मंडळीचे पाळक. शाळेचे गुरुजी एकेकाला उभं करून विचारत शेवटच्या बाकापर्यंत पोचले होते. सगळ्यांनी हो म्हटलं होतं. एकटे धारवाले राहिले होते, आणि त्यांनी घरी अंथरुणाला खिळलेल्या बायकोला पुढे केलं.

मिशनच्या कामाला आपणही हातभार लावावा, असं या मंडळीच्या मनात कधीपासून होतं. हातभार कसला लावायचा, इथे घोडं अडत होतं. चर्च केवढं, तर जोरात शिंकलं की रस्त्यावरचा माणूस दचकेल एवढं. कोणी म्हणे जुने कपडे पाठवू, कोणी म्हणे गाणारे पाठवू. शिंपीणबाईंनी दवाखान्याला चादरी शिवून द्यायची तयारी दाखवली होती. नर्सबाई डोंगरापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यातून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, आभार मानले आणि म्हणाल्या, "चादरी आहेत. चादरीवर पडलेल्यांकडे बघायला माणूस नाही." त्यांचा कंपाउंडर सोडून गेला होता. आणि इथले पाळक हे पाळक होण्याआधी कंपाउंडर होते, ही बातमी कोणीतरी त्यांच्या कानावर घातली होती. दोन वर्षांसाठी तुमचे पाळक आम्हाला द्या, असं त्यांनी आडपडदा न ठेवता मागितलं. शेजारच्या गावचे पाळक महिन्यातून एकदा येतील, बाकीचे रविवार तुमचे तुम्ही सांभाळा.

कपडे मागितले असते तर बरं झालं असतं, असं बऱ्याच जणांच्या तोंडावर दिसलं. पण पाळकांची स्वतःची जायची इच्छा होती हे लपत नव्हतं, आणि एकदा शिंपीणबाईंनी डोळे पुसत हो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची लाज वाटली.

या मंडळीत एकाही माणसाचा नकार चालत नसे. फार पूर्वी बाकांना रंग कुठला द्यायचा यावरून इथे दोन तट पडले होते, आणि सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ फिरवून एकाच देवाची प्रार्थना करत होते. ते एकदाचं निस्तरल्यावर नियम झाला, की प्रत्येक सभासदानं स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय कुठलीही गोष्ट करायची नाही. हात वर करायचा नाही, मान डोलवायची नाही. उभं राहून बोलायचं.

धारवाल्यांना हे बोलणंच जड जायचं. लाकूड कापायच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिथल्या आवाजात बोलून काही उपयोग नसे, सगळं काम हातवाऱ्यांवर. निम्मं ऐकू येणं त्या गिरणीनं घेतलं आणि बोलणं तर जवळजवळ सगळंच. आता ते घराच्या पडवीत बसून लोकांच्या कात्र्या, विळे, करवतींना धार लावून देत. संसारभर बोलायचं काम बायकोनं केलं होतं. मग तिचं अर्धं अंग गेलं, बोलणं अडखळू लागलं, आणि घर गप्प झालं. यंदा तिचा श्वासही लागायला लागला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि घरी न्या म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं.

रोज संध्याकाळी पाळक येत. तिच्या पाठीवरच्या जखमा धुऊन पट्टी करत, वाचून दाखवत, इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत. आतून तिचं हसू ऐकू येई. तेवढा वेळ धारवाले बाहेर पडवीत बसून, धार असलेल्याच करवतीला पुन्हा कानस मारत. पाळक गेले की धारवाल्यांच्या मनात एकच यायचं. आपण एकटे असताना तिचं काही झालं तर? आपल्याला ना धड काही करता येतं, ना बोलता येतं. आपण नुसते खांबासारखे उभे राहणार, आणि ती तशीच जाणार. ही भीती त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. पाळकांनाही नाही. आज मात्र ती तोंडातून निघाली, आणि निघताना बायकोचं नाव घेऊन निघाली.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मग काकूंना विचारायला हवं. नियमच आहे, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन विचारायचं."

"ती बोलत नाही फारशी," धारवाले घाईनं म्हणाले. "त्रास होईल तिला."

"चर्चचं छप्पर नवं घातलं तेव्हा विचारलं होतं का आपण त्यांना?" शिंपीणबाईंनी मध्येच विचारलं.

विचारलं नव्हतं. ती आजारी पडल्यापासून तिला कोणी कशातच विचारलं नव्हतं. नवी घंटा घेताना नाही, छपराच्या वेळी नाही. गुरुजींनी एकदा वर छपराकडे पाहिलं. ते नियमाबाहेर घातलं गेलं असल्याचं आत्ता त्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि नियमाच्या माणसाला असल्या छपराखाली उभं राहणं जड जातं. "चला," ते म्हणाले. "आत्ताच जाऊ."

पाळक पहिल्यांदा बोलले. "काकू नको म्हणाल्या तर मी इथंच राहीन. मनात काही ठेवणार नाही. हे आधीच सांगतो." ते धारवाल्यांकडे बघून बोलले, आणि धारवाल्यांना त्यांच्याकडे बघवेना.

"मी पुढे होतो," धारवाले म्हणाले. "खोली आवरायला हवी."

ते जवळजवळ पळतच घरी आले. बायको जागी होती. त्यांनी तिच्या उशीला पाठीमागून आधार दिला.

"मंडळी येतेय. तुला विचारायला. पाळकांना त्या डोंगरापलीकडच्या दवाखान्यात पाठवायचं म्हणतात, दोन वर्षं."

"कंपाउंडर म्हणून?"

"हो."

"बरं होईल." एकेक शब्द ती जुळवून काढत होती. "हात चांगलाय त्यांचा."

"तू नको म्हण."

तिनं मान वळवता येईल तेवढी वळवली. "का?"

धारवाल्यांनी चादर सारखी केली, पाण्याचं भांडं उगीच इकडचं तिकडे ठेवलं. "तुझ्या पाठीचं कोण बघणार?"

"तुम्ही."

"मला नाही जमत."

"करून पाहिलंय कधी?"

रस्त्यावर चपलांचे आवाज यायला लागले होते. आता वेळ नव्हता. "मी सांगून बसलोय त्यांना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू नको म्हणालीस म्हणून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना शंभर बोल लावले असतील, पण असं कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या नावानं?" तिनं विचारलं. तोवर दार वाजलंच.

खोलीत मावतील तेवढी माणसं आत आली, बाकीची दारात आणि खिडकीपाशी दाटली. पाळक मुद्दाम मागे, पडवीत थांबले. गुरुजींनी घसा साफ करून सगळा प्रश्न पहिल्यापासून मांडला, अगदी चर्चमध्ये मांडला होता तसा. तिनं मध्ये अडवलं नाही. मग नर्सबाईंना जवळ बोलावलं.

"माझ्यासारखी पडून असलेली पुष्कळ असतील तिथं?"

"खाटा पुरत नाहीत," नर्सबाई म्हणाल्या.

"त्यांच्या पाठी कोण धुतं?"

"मी धुते. पण सगळ्यांपर्यंत पोचत नाही, काकू. शेवटच्या खोलीत जाईपर्यंत संध्याकाळ होते."

ती जरा वेळ श्वास घेत राहिली. नर्सबाईंनी तिचं मनगट हातात धरून ठेवलं. धारवाले खाटेच्या पायथ्याशी उभे होते आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"मला पाळकसाहेब हवेत," ती म्हणाली.

खिडकीतून कोणीतरी सुस्कारा सोडला. धारवाल्यांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरता उतरताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"खोटं कशाला बोलू. ते आले की दिवस सरतो माझा." ती थांबली, पुन्हा शब्द गोळा केले. "पण नको असं मी म्हटलेलं नाही. मला कोणी विचारलंच नव्हतं. माझं हो आहे. लिहून घ्या, गुरुजी."

सगळ्यांच्या नजरा धारवाल्यांवर वळल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"ह्यांना कोणी बोल लावू नका," ती म्हणाली. "घाबरलेत ते. पाळक येतात म्हणून ह्यांना बाहेर बसता येतं. ते गेले की इथं बसावं लागेल ना." शिंपीणबाईंच्या तोंडून हसू निसटलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता ह्यांचं ह्यांना विचारा."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. तिच्याकडून आता मदत मिळणार नव्हती. गुरुजी धारवाल्यांकडे वळले, पण त्यांना प्रश्न विचारायचं धाडस होईना. दारातली माणसं बाजूला सरली होती आणि त्या फटीतून पडवीत उभे असलेले पाळक दिसत होते. ते कसली आर्जवं करत नव्हते. नुसते वाट बघत होते. अजूनही नाही म्हणता येत होतं, हे धारवाल्यांना कळत होतं. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावानं एकच शब्द बोलायचा, की उद्याची संध्याकाळ कालच्यासारखीच. पाळक आत, आपण बाहेर. आणि त्या शेवटच्या खोलीतली माणसं तशीच वाट बघत पडलेली. ती त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण त्यांच्या पाठी कशा दिसत असतील ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"नकार माझा होता," ते म्हणाले. "हिच्या तोंडी मी घातला."

"मग आता?" गुरुजींनी अगदी हळू विचारलं.

धारवाले पाळकांकडे वळले. "पाठ कशी धुवायची ते आधी मला शिकवा," ते म्हणाले. "मग जा."

"म्हणजे हो धरू का?" नियमाला पक्का शब्द लागतो.

"हो."

पाळक आत आले, त्यांनी धारवाल्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कोणीतरी प्रार्थना सुरू केली. धारवाल्यांना त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. एवढ्या माणसांत आपलं पितळ उघडं पडलं, तरी आपण अजून उभे आहोत याचंच त्यांना नवल वाटत होतं.

निघायच्या आधीचे थोडे दिवस पाळकांनी त्यांना हाताशी धरून शिकवलं. कोमट पाणी किती कोमट, कापूस कुठून कुठे फिरवायचा, कुशीवर वळवताना आपला हात तिच्या खांद्याखाली कसा सरकवायचा. पोलादावर कानस चालवून चालवून घट्टे पडलेले ते हात पहिल्या दिवशी इतके जपून लागले, की काम काही होईना. "अहो, दाबा जरा," ती म्हणाली, "काच नाही मी." दुसऱ्या दिवशी तिनं नुसते ओठ आवळून घेतले. तिसऱ्या दिवशी तिचा डोळा लागला.

पाळक गेले ते सकाळच्या बसनं. झाडून सारी मंडळी थांब्यावर गेली होती. धारवाले गेले नाहीत, कारण ती पाठ धुवायची वेळ होती आणि रात्री तिला श्वास फार लागला होता. पाळक भल्या पहाटेच येऊन तिचा निरोप घेऊन गेले होते. पुन्हा भेटू असं दोघांनीही म्हटलं नव्हतं.

धारवाल्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि एका हातानं तसंच धरून ठेवलं. अंगात काही राहिलंच नव्हतं तिच्या. बस सुरू झाल्याचं त्यांना ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडावरून कळलं.

"गेले," ती म्हणाली.

"गेले का?"

त्यांनी पट्टी बांधली, तिला पुन्हा उताणं केलं, पाणी बाहेर टाकून आले. मग कुठे जावं ते त्यांना कळेना. पडवीत काम पडलं होतं. ते स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. तिचा श्वास वर-खाली होताना बघवत नव्हता आणि नजरही हलवता येत नव्हती.

"वाचू का काही?" त्यांनी विचारलं. "अडखळेन मी."

"नको. काल काय केलंत ते सांगा."

"काल?" त्यांनी आठवून पाहिलं. "काल एक करवत आली होती. जुनी. दात अगदी झिजलेले. म्हटलं, टाकून दे बाबा."

ती डोळे मिटून पडली होती. तिचा हात चादरीवर होता. त्यांनी तो हातात घेतला.

"मग?" ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी कात्री घेऊन आलं होतं आणि धारकाका, धारकाका म्हणून हाका मारत होतं. "मग काय," धारवाले म्हणाले, आणि पुढचं सांगू लागले.