चौदा फूट

भूकरमापक उमेराच्या हातात सकाळपासून दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी वाटत होती, हीच पंचाईत. आर्णीजवळच्या त्या शिवारात सदाशिवराव आणि लालीबाई यांच्या शेतांमधली हद्द तिला ठरवायची होती. मोजणीचा अर्ज सदाशिवरावांचा. भांडण विहिरीवरून. ती लालीबाईच्या नवऱ्यानं खोदलेली होती. नवरा गेला, आणि आता तिच्या कपाशीला दुसरं पाणी नव्हतं.

लालीबाईच्या कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला हद्दीचा दगड होता. गावाच्या लेखी तो देवच. या दगडापासून नकाशाप्रमाणे टेप लावला की हद्द चौदा फूट लालीबाईच्या शेतात सरके आणि विहीर सदाशिवरावांची होई. उपग्रहावरून जागा सांगणारं रोव्हर लावलं की विहीर परत लालीबाईची. तीनदा मोजलं, तीनदा तेच. मोजणी म्हणजे गावाला फुकटचा तमाशा, त्यामुळे बांधावर दहा-बारा जण उकिडवे बसून होते.

पुसदला तिचे अब्बा कय्युम ट्रॅक्टर दुरुस्त करतात. ते म्हणायचे, मशीन चुकत नाही, चालवणारा चुकतो. म्हणजे चूक आपलीच. पण कुठं? नोकरीला सहा महिने झालेली पोर, तिला आता स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा वाटेना.

"म्याडम, मशीनले काय समजते?" सदाशिवराव म्हणाले. "देव काय खोटा पडन?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत लालीबाई विहिरीकडे बघत होती.

उमेरा वैतागून दगडाजवळ जाऊन बसली. बसली म्हणून तिला दिसलं. हद्दीचा दगड अर्ध्याहून जास्त जमिनीत गाडलेला असतो. हा तर सिमेंटच्या ओट्यावर आरामात बसला होता.

"काका, हा ओट्यावर कसा आला?"

बांधावरच्या माना एकदम खाली गेल्या. शेवटी लालीबाईनंच तोंड उघडलं.

"नाल्याचं पाणी देवाच्या अंगावर ये. म्हणून म्या निंबाखाली जागा देल्ली, पोरी."

"मग इथं आणला कोणी?"

नाव लालीबाईला ठाऊक होतं, पण नाव घेणं तिच्या जिवावर आलं होतं.

सदाशिवरावांनी चपला काढल्या. देवाला हात जोडले आणि ते नाल्याच्या दिशेनं पावलं मोजत निघाले. एका खोलगट जागी येऊन थांबले. पायानं माती चाचपली.

"इथून. माह्या डोक्यावर आणलता," ते म्हणाले. "अठरा साल झाले. वाजत-गाजत आणला. देवासंगं हद्द बी आली, हे ध्यानातच नाही राह्यलं."

ते खरंच विसरले होते, की आत्ता आठवायचं ठरवलं, हे उमेराला कळेना. तिनं रोव्हरची काठी त्यांच्या अनवाणी पायांजवळ टेकवली. पडद्यावर आकडा आला. नकाशाशी तंतोतंत जुळला.

"मंग देव?" लालीबाईनं विचारलं. "वापस नेता काय?"

सदाशिवरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते विहिरीकडेही पाहू शकले नाहीत.

"राहू दे तुह्याच सावलीत," ते म्हणाले. "तू जागा देल्ली, अन् म्या त्याच्याच जोरावर तुही विहीर मांगत होतो."