गाणी जातील, हे राहतील

आमचे हे रेडिओ दुरुस्त करतात. करायचे. अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. आता आपणहून तोंडातून नुसतं "हां" येतं, तेही भांडल्यासारखं.

दुकान चालू होतं तेव्हा मी यांचे व्हिडिओ काढायचे. दोनशे दहा काढले. फोन भरला की इंटरनेटवर चढवायचे आणि फोनमधले पुसून टाकायचे. प्रत्येक व्हिडिओत हे रेडिओ उघडणार, बडबडत सोल्डर करणार आणि शेवटी बटण फिरवून तो लावून दाखवणार. जे गाणं लागलं असेल ते. रेडिओ दुरुस्त झाला याचा दुसरा दाखला कुठला असतो, सांगा!

बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांना त्यांचाच आवाज ऐकवा, मागोमाग म्हणू द्या." म्हणून रोज सकाळी चहानंतर आमची शाळा. व्हिडिओतले हे म्हणायचे, "आधी वायर बघा." खाटेवरचे हे म्हणायचे, "आ...धी." दोन महिन्यांत तेवढंच आलं, पण मला लाखमोलाचं होतं.

मग नोटीस आली. गाण्यांचे हक्क एका कंपनीचे, तुम्ही विनापरवानगी वाजवलीत, शनिवारी सगळं खातं बंद. अरे मेल्यांनो, आम्ही काय गाणी विकत होतो? अर्धं मिनिट, तेही खरखरीतून! लेक परगावी असते, तिने तिकडून हरकत पाठवली. एका मिनिटात उत्तर: नामंजूर. तेवढ्यात माझा चष्माही सापडत नाही. समोर माणूस असता तर भांडले असते. भांडणात मी कुणाला ऐकत नाही, अख्ख्या गल्लीला विचारा. पण खाली ना नाव, ना नंबर.

"आई, घाई करू नकोस, मी रविवारी येतेच आहे," लेक म्हणाली. रविवारी येऊन काय करणार, कपाळ?

शुक्रवारी पडद्यावर एक बटण दिसलं: 'वादग्रस्त आवाज काढा, खातं वाचवा.' मला वाटलं, गाणी जातील, हे राहतील. देवाचं नाव घेतलं आणि सगळ्या व्हिडिओंवर दाबत गेले. 'सहकार्याबद्दल आभार,' असं आलं. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. व्हिडिओत यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुसरा लावला, तिसरा लावला. सगळीकडे चिडीचूप. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, त्या बटणाने सगळाच आवाज गेला, तो परत येत नाही गं."

गाण्याबरोबर माणूसही पुसला होता मी. माझ्या या हातांनी.

यांनी फोन माझ्याकडून घेतला. कानाला लावला, हलवला, पुन्हा कानाला लावला. मग डाव्या हाताने खाटेखालची पेटी ओढली आणि बारका स्क्रूड्रायव्हर काढला. किती महिन्यांनी चेहऱ्यावर ती ऐट आली होती, बिघाड ओळखला की यायची ती.

"अहो, फोन चांगला आहे," मी म्हणाले. यांनी मान हलवली, हिला काय कळतंय अशी.

एका हाताने त्यांना फोन धरून उघडता येईना. मग मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.